आठ लाखांचा पियानो, दौंडचा गाळा आणि गिऱ्हाइकाचं बोट

गाळा भाड्याने घेताना काय बघायचं, या मागच्या व्हिडिओनंतर दौंडहून एका मुलाचा लांबलचक मेसेज आला. नाव सांगत नाही, त्यानेच नको म्हटलंय. वय २४. पुण्यात राहून चार वर्षं पियानो शिकलाय, आता घरी परत आलाय. कुरकुंभ रोडला मामाचा गाळा रिकामा पडलाय, तिथे त्याला पियानोचा क्लास टाकायचा आहे. मेसेजचा शेवट असा: "सर, मुद्रातून 'तरुण'चं कर्ज घेऊन हायब्रिड पियानो घेऊ का? आठ लाखांत बसतोय. दौंड-शिरूर पट्ट्यात कुणाकडेच नाहीये."

"कुणाकडेच नाहीये" हे शब्द वाचले की माझ्या पोटात गोळा येतो. कारण याच दोन शब्दांवर मी पण एकदा पैसे लावले होते.

शिरूरला दुकान टाकून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पेटी, तबला, ढोलकी, गिटार आणि कीबोर्ड एवढा माल. दौंडला रेल्वे कॉलनीच्या बाजूला एक कुटुंब घर विकून चाललं होतं, त्यांच्याकडे जुना उभा पियानो होता. ४० हजार सांगितले. मी फोनवरच हो म्हटलं. बीबीएला आम्हाला 'फर्स्ट मूव्हर ॲडव्हांटेज' शिकवलं होतं ना, ते डोक्यात भिनलेलं. टेम्पो केला, चार हमाल घेतले आणि केडगाव-चौफुला करत न्हावऱ्यावरून शिरूरला आणला. उसाचा सीझन होता, पुढे ट्रॉल्या, रस्त्याला खड्डे, आणि मागे टेम्पोत तो पियानो प्रत्येक खड्ड्याला मंदिराच्या घंटेसारखा वाजतोय. मला तो आवाज शुभ वाटला होता, खरं सांगतो.

पुण्याहून ट्यूनर आले. त्यांनी पुढची फळी काढली, आत टॉर्च मारला आणि पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात त्या खुंट्या लाकडात ढिल्या झालेल्या. म्हणजे सूर लावला तरी तो टिकणार नाही. मागच्या साउंडबोर्डला चीर. हातोड्यांवरचं लोकरीचं फेल्ट कसरीने खाल्लेलं. "दुरुस्तीला जेवढे घालाल तेवढ्यात दुसरा येईल," असं म्हणाले आणि चहा पिऊन गेले. विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांना आतलं काय कळणार? बघायचं काम माझं होतं.

तो पियानो अजून दुकानात आहे. त्याच्याकडे परत येऊ.

आधी हायब्रिड म्हणजे काय ते समजून घ्या, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हा महागातला कॅसिओ. (आपल्याकडे कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात. कंपनी कुठलीही असो, गिऱ्हाईक "कॅसिओ दाखवा" म्हणतं, आणि आपण मुकाट्याने दाखवायचा. तिथे शहाणपण शिकवायला जाऊ नका.)

साध्या कीबोर्डची पट्टी दाबली की खाली एक बटण दाबलं जातं आणि स्प्रिंग पट्टीला वर ढकलते. खऱ्या पियानोत तसं नसतं. पट्टी म्हणजे लहान मुलांच्या सी-सॉसारखी लाकडी दांडी. पुढचं टोक तुम्ही साधारण एक सेंटीमीटर दाबता, मागचं टोक वर जातं आणि ते एका हातोडीला फेकतं. हो, फेकतं. हातोडी तारेला लागायच्या अगदी आधी मधला दुवा निसटतो, पुढचा टप्पा हातोडी मोकळी जाते, तारेला मारून मागे पडते. तो दुवा निसटला नसता तर हातोडी तारेला चिकटून बसली असती आणि आवाज तिथल्या तिथे दबला असता. पट्टी अगदी हळू दाबली तर या निसटण्याचा बोटाला एक बारीक खाचेसारखा स्पर्श होतो. शिकलेला माणूस त्या खाचेवर खेळतो.

१८२१ साली सेबास्टियन एरार या पियानो बनवणाऱ्याने यात आणखी सुधारणा केली. पट्टी पूर्ण वर यायच्या आतच तोच सूर पुन्हा वाजवता येईल अशी रचना. ग्रँड पियानोत, म्हणजे आडव्या मोठ्या पियानोत, आजही तेच तत्त्व चालतं. ग्रँडमध्ये हातोडी खालून वर जाते आणि स्वतःच्या वजनाने खाली पडते. माझ्याकडच्यासारख्या उभ्या पियानोत ती आडवी जाते, तिला मागे आणायला स्प्रिंग लागते. म्हणून दोन्हींचा हात वेगळा लागतो. शिवाय डाव्या बाजूच्या जाड सुरांच्या हातोड्या वजनाला जास्त, उजवीकडच्या हलक्या. हे सगळं बोटाला चार वर्षांत पाठ होतं. स्प्रिंगच्या हलक्या कीबोर्डवर शिकलेलं पोर परीक्षेच्या दिवशी खऱ्या पियानोसमोर बसलं की त्याचे निम्मे सूर लागतच नाहीत. येत नाही म्हणून नव्हे, बोटात तेवढा जोरच बसलेला नसतो.

आता हायब्रिड. २००९ मध्ये यामाहाने अवांतग्रँड एन-३ काढला. आत ग्रँडसारखीच लाकडी यंत्रणा, पट्टी, दांडी, हातोडी सगळं खरं. फक्त तारा नाहीत. तारांच्या जागी प्रकाशावर चालणारे सेन्सर, ते पट्टी आणि हातोडी किती वेगाने गेली ते मोजतात आणि कंपनीच्याच कॉन्सर्ट ग्रँडचा रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो. एवढं करून त्यांना समाधान नाही, तर खऱ्या पियानोत तारांचं कंपन पट्टीतून बोटाला जाणवतं म्हणून पट्ट्यांना थरथर देणारी सोय पण बसवली. २०१५ मध्ये कॅसिओने बर्लिनच्या बेखश्टाइनबरोबर मिळून ग्रँड हायब्रिड काढला. २०१७ मध्ये कावाईने नोव्हस काढला, त्यातही खऱ्या ग्रँडची यंत्रणा.

तारा काढल्या म्हणजे नेमकं काय वाचलं बघा. पियानोत दोनशेच्या वर तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तो पेलायला ओतीव लोखंडाची जाड चौकट लागते. तारा नाहीत तर ताण नाही, आणि ताण नाही तर चौकटीचीही गरज नाही. ट्यूनिंग नाही. आपल्याकडे एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळा आणि जुलैची ओल यात लाकूड आकसतं-फुगतं, सूर उतरतात, तो त्रास नाही. हेडफोन लावून रात्री अकरा वाजता वाजवा, शेजारी तक्रार करणार नाही.

पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. कंपनीने महाग काय ठेवलं? लाकडी यंत्रणा. जी दिसत नाही, ऐकू येत नाही. आवाजाची नक्कल तर चिपने केव्हाच जमली होती. मग एवढी खटपट कशाला? कारण पियानो घेणाऱ्याचा निर्णय बोटात होतो. दुकानात तो आधी दोन सूर हळू दाबून बघतो, आवाजाचं नंतर बोलतो.

आता हे सगळ्या वाद्यांना लागू होतं का? नाही, आणि तिथेच आपल्यासारख्या दुकानदाराची गंमत आहे. बंगळुरूच्या रॅडेल कंपनीचे जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. छोटी पेटी, दोन-तीन बटणं. त्याला तंबोऱ्याचा भोपळा नाही, तारा नाहीत, तंबोऱ्यासारखा दिसत पण नाही. तरी घरोघर रियाजाला तो चालला, कारण रियाज करणाऱ्याला तंबोरा कानाला हवा असतो. मोठ्या मैफिलीत अजूनही गायकाच्या मागे मिरजेचे दोन तंबोरे दिसतात, ते वेगळं. पण पहाटे पाच वाजता सा लावणाऱ्याला ती पेटी पुरते. म्हणजे तिथे फक्त आवाजाची नक्कल पुरली.

पेटीचं उलट. न्हावऱ्याच्या अलीकडच्या एका गावातले भजनी मंडळाचे बुवा माझ्याकडे आले. वारीच्या दिंडीत पेटी उचलून खांदा जातो म्हणाले, हलका कॅसिओ द्या, हार्मोनियमचा आवाज असलेला. दिला. आवाज ऐकून बुवा खूश. आठव्या दिवशी परत. "शेठ, आवाज बरोबर आहे, पण डावा हात रिकामा राहतोय."

मी दोन दिवस त्या वाक्यावर विचार करत होतो. पेटीची पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज वाढत नाही. आवाज वाढतो भात्याने. शब्दावर जोर द्यायचा, अभंगाचा चढ घ्यायचा, हे सगळं बुवांचा डावा हात करतो. मी त्यांना अभिमानाने सांगितलं होतं की याच्या पट्ट्या टच-सेन्सिटिव्ह आहेत. त्यांना त्याचा काय उपयोग? चाळीस वर्षांत त्यांच्या उजव्या हाताने जोर लावायचं कामच केलेलं नाही. कंपनीने नक्कल केली पेटीच्या आवाजाची आणि हात दिला पियानोचा. कीबोर्ड मी परत घेतला, वापरलेला म्हणून ९०० रुपये तोटा सोसून विकला, आणि बुवांना लहान, हलकी, घडीची पेटी दिली. ती चालतेय.

त्यात एक मजा अशी की हार्मोनियम मूळची युरोपातली, खुर्चीवर बसून पायाने हवा भरायची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाची यंत्रणा काढून हाताचा भाता बसवला, कारण आपला माणूस मांडी घालून बसतो. पाय गेला, हात आला, आणि मग तोच हात वाजवण्याचा भाग झाला. आणि ज्या यामाहाचा हायब्रिड घ्यायला आमचा दौंडचा मुलगा निघालाय, त्या यामाहाची सुरुवात १८८७ मध्ये हामामात्सुच्या एका शाळेतला पायाने हवा भरायचा ऑर्गन दुरुस्त करण्यातून झाली. तोराकुसु यामाहा दुरुस्ती करणारा माणूस. ऑर्गन उघडला, आत काय आहे ते बघितलं, मग स्वतः बनवला आणि तपासून घ्यायला खांद्यावर लादून हाकोनेचे डोंगर ओलांडत टोकियोला नेला. मी पण वाद्य लादून घाट नाही तरी न्हावरा ओलांडलाच होता. फरक एवढाच, त्याने आधी उघडून बघितलं होतं.

बरं, आता दौंडच्या गाळ्यावर या. इथे मी भावनेत बोलणार नाही, वही घ्या.

पियानो आठ लाखांचा धरू. मुद्राच्या 'तरुण' गटात दहा लाखांपर्यंत बसतं, ते ठीक. व्याज ११ टक्के आणि मुदत ५ वर्षं धरली तर हप्ता येतो महिन्याला साधारण १७,४०० रुपये. तुमच्या बँकेचा दर वेगळा असेल, तो टाकून बघा. आता पियानोवर एका वेळी एकच पोर बसतं. शाळा-कॉलेजची मुलं येणार संध्याकाळी ५ ते ९. चार तास. महिन्याचे २६ दिवस. म्हणजे १०४ तास, तेही एक मिनिट रिकामा न जाता. दौंडमध्ये सरावाच्या तासाला सुरुवातीला १०० रुपये मिळतील असं मला वाटतं. १०४ तासांचे झाले १०,४००. पहिल्या दिवसापासून गाळा हाऊसफुल्ल धरून सुद्धा हप्ता निघत नाही. ७,००० खिशातून. वीजबिल, मामाचं भाडं (मामा आहे म्हणून भाडं धरायचं नाही, असं करू नका, मामीला विचारा) आणि तुमचा पगार बाजूलाच.

आता दुसरं पान. ८८ वजनदार पट्ट्यांचे दोन साधे डिजिटल पियानो. 'वजनदार' म्हणजे पट्टीखाली छोटी हातोडीसारखी यंत्रणा असते, डावीकडे जड, उजवीकडे हलकी. खाच नसते, लाकूड नसतं, पण बोटाला जोर लावायची सवय लागते. एक पन्नास हजारांच्या आसपास. स्टँड, स्टूल, हेडफोन धरून दोन्हींचे १ लाख २० हजार. तेच व्याज, ३ वर्षं, हप्ता साधारण ३,९३०. दोन वाद्यं म्हणजे महिन्याला २०८ तास विकायला हातात. हप्त्याला लागतात ४०. आणि हेडफोनमुळे दोन मुलं एकाच खोलीत बसून वाजवू शकतात, हा मुद्दा कुणी लक्षातच घेत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्हीच आत्ता सांगितलं की गिऱ्हाईक बोटाने निर्णय घेतं. मग कमी दर्जाचा हात द्यायचा? प्रश्न बरोबर आहे. पण कुणाचं बोट? आठ-दहा वर्षांचं पोर, जे आत्ता सरगम आणि दोन हात एकत्र वाजवायला शिकतंय, त्याच्या बोटाला ती खाच अजून कळतच नाही. त्याला हवंय वजन, ८८ पट्ट्या आणि रोजचा अर्धा तास. खाच कळायला तीन-चार वर्षं जातात. तुमच्याकडे तेवढी वर्षं टिकलेली दहा पोरं झाली की मग हायब्रिडचं बोला, तेव्हा तो तुम्हाला परवडेल पण आणि त्यांना लागेल पण.

मात्र हाच हिशोब सगळ्यांना लावू नका. मी लावला आणि चुकलो. रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक साहेब दुकानात आले होते. मुलगी नऊ वर्षांची, आई स्वतः पियानो वाजवणारी. हायब्रिड मागवून देता का विचारलं. मी तासभर समजावलं, कशाला एवढे घालता, आधी साधा घ्या, वर्षभर बघा. ते शांतपणे ऐकून गेले आणि पुढच्या महिन्यात पुण्यातून हायब्रिड घेतला. माझं कमिशन गेलं. घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच. नंतर कळलं, आई रोज रात्री मुलीला झोपवून हेडफोन लावून वाजवते. तिच्या बोटाला खाच कळत होती. फ्लॅटमध्ये खरा ग्रँड मावणार नव्हता. त्यांना तो पियानो हप्ता काढून द्यायला लागणार नव्हता, फक्त वाजायला लागणार होता. मी त्यांच्या खिशाचा हिशोब माझ्या खिशावरून केला, आणि ज्या बाईंना वाजवायचं होतं त्यांना एक प्रश्न पण विचारला नाही. त्या तिथेच उभ्या होत्या.

आणखी दोन-तीन गोष्टी, ज्या शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. हायब्रिडला ट्यूनिंग नाही, पण आतली यंत्रणा लाकूड आणि फेल्टचीच आहे, तिला काही वर्षांनी जुळवून घ्यावं लागतं. तंत्रज्ञ पुण्याहून येणार. दौंडच्या पिनकोडला घरपोच सर्व्हिस आहे का, येण्याजाण्याचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्या. तोंडी "होईल की" चालणार नाही. दुसरं, तारांचा पियानो लाइट गेली तरी वाजतो, हा वाजत नाही. आपल्याकडे लाइट जाते आणि येताना व्होल्टेज घेऊन येते, तेव्हा स्टॅबिलायझर आणि यूपीएसचे पैसे आधीच धरा. तिसरं, उंदीर. हसू नका. दौंड काय आणि शिरूर काय, शेजारी धान्याचं किंवा किराणाचं गोडाऊन असेल तर फेल्ट आणि वायर दोन्ही त्यांना आवडतं.

आणि माझा तो मेलेला पियानो? तीन वर्षं तो कोपऱ्यात चादर टाकून पडला होता. एकदा साफसफाई करताना पुढची फळी काढून ठेवली आणि परत लावायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी एक शाळकरी मुलगी वडिलांबरोबर गिटारच्या तारा घ्यायला आली. तिने उघड्या पियानोची पट्टी दाबली, हातोडी हलली, ती ओरडलीच. मग पंधरा मिनिटं तेच. वडील विचारायला लागले, हे असं आत असतं का? मग कॅसिओ एवढा स्वस्त कसा? मी काही न बोलता त्यांचं बोट आधी हलक्या कीबोर्डवर, मग वजनदार पट्ट्यांवर ठेवलं. त्या दिवशी विक्री झाली नाही. दिवाळीत झाली.

फळी मी आता लावतच नाही. महाग आणि स्वस्त यातला फरक मला आता तोंडाने सांगावा लागत नाही, त्या हातोड्या सांगतात. मात्र ४० हजारांचा सेल्समन झाला, हे लक्षात ठेवा. टेम्पो आणि ट्यूनर वेगळे.

दौंडच्या मुलाला मी रविवारी दुकानात बोलावलंय. केडगावपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने येतो म्हणाला. येताना वही आण सांगितलंय, आणि मामाला विचारून गाळ्याचं भाडं किती धरायचं तो आकडा. पहिला अर्धा तास त्याला उघड्या पियानोसमोर बसवणार आहे. त्याची बोटं काय म्हणतात ते बघू, मग हप्त्याचं पान काढू. त्याची हरकत नसेल तर व्हिडिओ करीन, नाहीतर इथेच लिहीन.